नावाड्याची मुलगी अजून नदीतच

बाइंडरने हातातलं पुस्तक वाचायला घेतलं की धंद्याचे तीनतेरा वाजलेच म्हणून समजा. खळ वाळून जाते, दोरा सुटतो आणि गिऱ्हाईक दारात येऊन बोंब मारतं. खळकाका उमेदवारी करत होते तेव्हा मालकाने त्यांना हे कान पिळून सांगितलं होतं. काकांनी मान डोलावली आणि त्याच आठवड्यात फर्मा शिवता शिवता एका खलाशाची गोष्ट वाचायला घेतली. फर्मा म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदाची घडी घालून झालेली सोळा पानं. असे फर्मे एकावर एक रचून शिवले की झालं पुस्तक. तर खलाशी लाटांत गटांगळ्या खातोय आणि फर्मा संपला! पुढचा पलीकडच्या टेबलावर. काका तो आणायला उठले, तर मालकाने टपली मारून पुन्हा जागेवर बसवलं. खलाशी वाचला की बुडाला हे कळायला बिचाऱ्यांना संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं, आणि तोवर त्यांचं सगळं चित्त त्या समुद्रात होतं.

पुढे त्यांनी चर्चच्या मागच्या भिंतीला लागून स्वतःची खोली घेतली. खोली कसली, पेटीच ती! एक खिडकी, खिडकीखाली टेबल, कोपऱ्यात पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, आणि स्टोव्हवर रटरटणारं खळीचं पातेलं. बोटांना, बाह्यांना, चष्म्याच्या काडीला, कुठे ना कुठे खळ लागलेली असायचीच, म्हणून पोरांनी नाव पाडलं खळकाका. बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेलं चांगलं भारदस्त नाव होतं त्यांना, पण ते विचारतंय कोण? काकूसुद्धा चिडल्या की ‘अहो खळकाका’ अशीच हाक मारायच्या.

चर्चच्या बालवाचनालयातली फाटकी पुस्तकं दुरुस्तीला काकांकडे यायची. सगळी जुन्या काळच्या ख्रिस्ती माणसांच्या साहसाची. कुणी सम्राटाच्या शिपायांना हुलकावणी देऊन भुयारात प्रार्थनेला जातंय, कुणी शुभवर्तमानाची, म्हणजे येशूच्या कथेची, पानं मालाच्या पेटीत लपवून सरहद्द ओलांडतंय, कुणी फुटक्या गलबतातून उपाशी माणसांना भाकर पोचवतंय. पोरं ही पुस्तकं नुसती वाचायची नाहीत, अक्षरशः खायची. त्यामुळे एकेक पुस्तक असं लक्तरं होऊन यायचं की काकू म्हणायच्या, ‘‘हे शिवायचं की पुरायचं?’’

काका शिवायचे. आणि वाचायचेही, सवय थोडीच जाते? आता वाचता वाचता शिवलं की काय होतं, ते झालं. एका सोमवारी रविवारच्या शाळेच्या मोठ्या बाई पुस्तक नाचवत दुकानात आल्या. मोठ्या बाई अंगाने चिमणीएवढ्या, पण आवाज असा की शिकंज्यातलं पुस्तकही दचकावं.

‘‘अहो, तुम्ही पुस्तकं शिवता की गोधड्या?’’

‘‘काय झालं बाई?’’

‘‘काय झालं विचारतात! भर वर्गात वाचत होते मी. ती दिवेवाली पोर भुयारात शिरली, मागे शिपाई, पोरांचे श्वास अडकलेले. पान उलटते, तर ही बया डोलकाठीवर चढून ‘जमीन दिसली’ म्हणून ओरडतेय! भुयारात डोलकाठी? अर्धा तास पोरं खिदळत होती.’’

काकांनी पुस्तक हातात घेतलं आणि कपाळाला हात लावला. भुयाराच्या गोष्टीतला एक फर्मा गलबताच्या गोष्टीत गेला होता आणि गलबताचा इकडे आला होता. दोन्ही पुस्तकं एकाच वेळी टेबलावर उसवलेली, आणि काका डोळ्यांत तेल घालून शिवायच्या ऐवजी डोळे फाडून वाचत बसलेले!

‘‘येत्या रविवारी तुम्हीच या,’’ बाई म्हणाल्या, ‘‘आणि पोरांना सांगा, भुयारातली पोर गलबतावर गेली कशी.’’

त्या रविवारी काका सदऱ्याची सगळी बटणं लावून गेले ते माफी मागायला. वर्ग चर्चच्या बाजूच्या लांबट खोलीत भरायचा. बाकं दोनच, बाकी पोरं सतरंजीवर. काका उभे राहिले, घसा खाकरला, सगळे डोळे आपल्याकडे लागलेत हे पाहिलं, आणि तोंडातून माफीच्या जागी भलतंच निघालं. ‘‘त्या भुयाराला दुसरं तोंड होतं. ते कुठे उघडायचं माहितीये? थेट बंदरावर!’’

झालं! पोरं सरसावून बसली. दिवेवाली बंदरावर आली, मालाच्या पेटीत लपली, गलबतावर चढली. काकांना स्वतःलाच पुढचं माहीत नव्हतं, पण जीभ चालली होती. ती नांगराच्या दोरावर लोंबकळत असताना बाहेर उपासनेची घंटा झाली. घंटा झाली की रविवारची शाळा बंद, मग गोष्ट कुठेही असो.

‘‘पुढे?’’ पोरं ओरडली.

‘‘पुढे पुढच्या रविवारी,’’ काका म्हणाले. मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण आता रागवावं की हसावं ते बाईंनाच कळेना. पण पुढच्या रविवारी खुर्ची काकांसाठी रिकामी ठेवलेली होती.

काय दिवस होते हो ते! शनिवारपासूनच पोरं दुकानाच्या खिडकीला माकडांसारखी लटकायची. ‘‘काका, दिवेवाली पडली का?’’ ‘‘काका, एवढंच सांगा, शिपाई चांगला की वाईट?’’ काका ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. सुईत मेण लावलेला दोरा ओवायचे आणि गालातल्या गालात हसायचे. रविवारी घंटेकडे त्यांचा कान असायचा. बरोब्बर दोर तुटायच्या वेळी, दार उघडायच्या वेळी, शिपायाचा कंदील तोंडावर येण्याच्या वेळी घंटा व्हायची आणि काका उठून टोपी घालायचे. पोरं चिडून त्यांचा सदरा ओढायची. उपासनेत पाळकसाहेब प्रवचन करत असायचे आणि मागच्या ओळीत कुजबुज चाललेली असायची, भुयारात पाणी शिरलं तर काय करायचं याची. त्या वर्गातली पोरं पुढे मोठी झाली, कुणी नर्स झाली, कुणी ट्रक चालवू लागला, कुणी दूर गेली. पण कुठे लग्नकार्यात भेटली की अजून विचारायची, ‘‘काका, त्या छापखानेवाल्याचं शेवटी काय झालं हो? माझी गोवराची सुट्टी होती त्या रविवारी.’’ काका तिथेच, हातातला चहा निववत, शेवट सांगायचे.

या गोष्टींचा एक मात्र नियम होता. काकांच्या गोष्टीत सिंह घाबरायचे, शिपाई घाबरायचे, सम्राटाचीसुद्धा झोप उडायची. पण ज्याचा देवावर विश्वास आहे तो घाबरायचा नाही म्हणजे नाही. आगीत उभं करा, समुद्रात टाका, गडी हसतोय! वर्षानुवर्षं पोरांनी हे ऐकलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

मग वर्गात ‘कशावरून’ आली. काकूंच्या शेजारणीची नात, दोन घट्ट वेण्या, पुढचा एक दात पडलेला. तिला काहीही सांगा, पहिला प्रश्न ‘‘कशावरून?’’ म्हणून तेच नाव पडलं. पाळकसाहेब तिला थोमाची नात म्हणायचे. थोमा हा प्रभूचा शिष्य, जखमेला हात लावून पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणारा. काकांना ती आवडायची आणि तिची थोडी धास्तीही वाटायची.

त्या वर्षी नावाड्याच्या मुलीची गोष्ट चालू होती. सम्राटाचा हुकूम सुटलाय की ख्रिस्ती लोकांकडची सगळी पवित्र लिखाणं जाळून टाका. नावाड्याकडे शुभवर्तमानाची हाताने लिहिलेली पानं आहेत. शिपायांनी नावाड्याला धरून नेलंय. आता त्याच्या मुलीने ती पानं नदीपलीकडच्या गुहेत पोचवायची आहेत. तिथे पानांच्या नकला उतरवून घेणारे वाट पाहतायत. तिने पानं तेलकट कातड्यात गुंडाळून पोटाशी बांधली आणि अंधारात होडीशी आली.

‘‘आणि ती जराही घाबरली नाही,’’ काका म्हणाले.

‘‘कशावरून?’’

‘‘तिचा विश्वास होता म्हणून.’’

‘‘माझापण आहे,’’ कशावरून म्हणाली, ‘‘तरी मी अंधारात घाबरते.’’

‘‘मग वाढव विश्वास!’’ काका म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. पोर कानापर्यंत लाल झाली आणि खाली बसली. काकाही हसले, आणि गोष्ट पुढे गेली.

त्याच सुमारास काकांचा आवाज बसला. काकूंनी गरम पाणी दिलं, मिठाच्या गुळण्या दिल्या, मग धाक दिला. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस, त्याने गोलगोल बोलणं केलं नाही. ‘‘घशात गाठ आहे. काढली तर तुम्ही जगाल. पण आवाज राहणार नाही.’’

‘‘बसलेला तरी राहील का?’’ काकांनी विचारलं.

‘‘अजिबात राहणार नाही.’’

घरी येताना काकू म्हणाल्या, ‘‘जिवापुढे आवाजाचं काय घेऊन बसलात!’’ आणि खिडकीकडे तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले. काकांच्या डोक्यात मात्र होडी होती. ऑपरेशनच्या आधी रविवार एकच होता. नावाड्याच्या मुलीला त्याच रविवारी पलीकडे पोचवायला हवं. नाहीतर ती बिचारी जन्मभर पाण्यात!

मोठ्या बाईंना कळलं तशा त्या सरळ घंटा वाजवणाऱ्याकडे गेल्या. ‘‘या रविवारी मी रुमाल हलवल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही,’’ त्यांनी दम दिला. पाळकसाहेबांनीही मान्य केलं. त्या रविवारी उपासनेला आलेली मंडळी आवारात उन्हात ताटकळत उभी, आणि कुणी तक्रार केली नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त पोरांना सांगितलं नव्हतं.

काका खुर्चीवर बसले. आवाज फाटका, कागद ओढल्यासारखा, पण पोरं पुढे सरकून ऐकत होती. होडी निघाली. मधोमध भोवरा. होडीचा दोर तुटला. पलीकडच्या काठावर कंदील हलला आणि शिपाई ओरडला, ‘‘कोण आहे तिकडे?’’

आता काकांना पुढचं वाक्य म्हणायचं होतं. नेहमीचंच वाक्य. ती घाबरली नाही. आणि ते त्यांच्या तोंडून फुटेना. घशामुळे नाही हो! गेले कितीतरी दिवस त्यांना स्वतःलाच भीती वाटत होती. शिवायला घेतलेली पुस्तकं तशीच पडून होती. प्रार्थनेला बसलं की ‘देवबापा’ या पहिल्याच शब्दाला अडकायला होत होतं. आयुष्यभर पोरांना सांगितलं की विश्वास असला की माणूस घाबरत नाही; म्हणजे आता आपण कोण? आपला विश्वास एवढा कच्चा? हे काकूंनाही सांगायची त्यांना लाज वाटली होती. अशा माणसाने त्या मुलीला शूर म्हणायचं ते कोणत्या तोंडाने?

हाताशी वेळच वेळ होता. बाई दारात रुमाल मुठीत घट्ट धरून उभ्या होत्या. काका तोंड उघडत होते आणि मिटत होते. शेवटी ते उठले आणि त्यांनी टोपी घातली. पोरांना वाटलं नेहमीचीच खोडी आहे, गोष्ट ऐन रंगात आली की काका उठतात. ‘‘काकाऽऽ, अजून घंटासुद्धा नाही झाली! हे चीटिंग आहे!’’ म्हणून त्यांनी गिल्ला केला. काका दारातून निघून गेले, आणि बाईंच्या हातातला रुमाल खाली गेला.

ऑपरेशनला नेताना काकू खाटेबरोबर चालत होत्या. ‘‘भीती वाटतेय का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘छे,’’ काका म्हणाले. हा त्यांचा शेवटचा शब्द, आणि तोही खोटा. दार बंद झालं आणि आतल्या परक्या माणसांसमोर म्हातारा ढसाढसा रडला. मग एका नर्सने त्यांचे डोळे पुसले, आणि काकांनी मान हलवून सांगितलं, चला.

ते वाचले. मानेला श्वासासाठी छिद्र, त्यावर काकूंनी शिवलेला मऊ रुमाल, आणि गळ्यात दोऱ्याने अडकवलेली पाटी. दुकान पुन्हा उघडलं, खळ रटरटली, सुई चालली. पण रविवारी काका उपासनेला मागच्या दाराने यायचे आणि वर्गाच्या खोलीकडे बघायचेसुद्धा नाहीत. काकू टोचून टोचून थकल्या. एकदा काकांनी शेवट लिहून पाठवायचं ठरवलं. कागद घेतला, शिपाई ओरडला इथपर्यंत लिहिलं, पुढचं वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी तो कागद चुरगळून स्टोव्हखाली गेला.

आणि मग मोठ्या बाई आल्या. आता त्याही थकल्या होत्या, पण आवाज तसाच!

‘‘अहो, तुमची ती पोर अजून नदीतच आहे! मी पुस्तक उघडलं की सगळे एका सुरात म्हणतात, आधी नावाड्याची मुलगी पलीकडे पोचू दे. पाळकसाहेबांनी जलप्रलयात तरून गेलेल्या मोठ्या तारवाची गोष्ट काढून पाहिली, तर म्हणे, हिची होडी तेवढी त्या तारवाला बांधा. आता सांगा, काय करू मी यांचं?’’

काकांनी पाटीवर लिहिलं, ‘मी गोष्ट कशी सांगणार?’

‘‘नका सांगू. नुसते येऊन बसा. तुमची वाट बघणं तरी थांबेल.’’

काका गेले. काकू त्यांना दारापर्यंत सोडायला म्हणून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. खोली तीच, सतरंजी तीच, एका कोपऱ्यात विरलेली. पोरांनी काकांच्या मानेकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, आणि ती सतरंजीवर थोडी मागे सरकली. काकांना वाटलं उठावं आणि निघून जावं.

तेवढ्यात कशावरून उभी राहिली. तिचा दात आता आला होता. ‘‘मी सांगते पुढची,’’ ती म्हणाली.

‘‘तुला काय माहीत?’’ मागून कुणीतरी म्हणालं.

‘‘मी रोज विचार केलाय.’’ ती पुढे आली आणि काकांच्या खुर्चीशेजारी उभी राहिली. ‘‘शिपाई ओरडला, कोण आहे तिकडे. आणि ती घाबरली.’’

वर्गात चुळबुळ झाली. काकांच्या गोष्टीत असं होत नसे.

‘‘खूप घाबरली,’’ ती रेटून म्हणाली. ‘‘दात वाजायला लागले. वल्हं हातात धरवेना. ती म्हणाली, देवबापा, मला नाही जायचं, मी ही पानं पाण्यात टाकते आणि घरी जाते.’’

काकांचा हात आपोआप वर गेला. इतक्या वर्षांची सवय, चुकलं की थांबवायचं. पोरगी थांबली. तिचे कान पुन्हा लाल झाले होते, पण या वेळी ती खाली बसली नाही.

‘‘चुकलं का काका? ती घाबरलीच नव्हती का?’’

काकांनी पाटी मांडीवर घेतली. त्यांनी लिहिलं आणि पाटी पोरांकडे फिरवली. पुढच्या ओळीतल्या एका चिमुरडीने बोट लावून लावून मोठ्याने वाचलं, ‘‘मी... पण... घाबरलो... होतो.’’

‘‘कधी?’’ कशावरूनने विचारलं.

काकांनी पुसून पुन्हा लिहिलं, आणि चिमुरडीने वाचलं, ‘‘दवाखान्यात. विश्वास होता तरी.’’

दारात काकूंनी तोंडाला पदर लावला. कशावरून मात्र विचारात पडली होती. हे तिच्या कामाचं होतं. ‘‘मग तुम्ही काय केलंत?’’

काकांनी लिहिलं. या वेळी सगळी ओळच पुढे वाकली आणि सगळ्यांनी मिळून वाचलं, ‘‘रडलो. मग गेलो.’’

‘‘हां,’’ कशावरून म्हणाली, गाठ सुटल्यासारखी. ‘‘म्हणजे तीपण आधी रडते. मग वल्हं उचलते. ऐका पुढे...’’

होडी पुन्हा निघाली. काका सगळ्या वर्गासमोर रडत होते, डोळे पुसायचंही भान न ठेवता, आणि एकाही पोराला त्यात काही वावगं वाटलं नाही.